जानेवारीत परत येणारी झाडं

रूथबाई, सलाम.

इतकी वर्षं तुम्ही नर्सरीच्या फाटकातून आत येताना "सलाम, भाऊ" म्हणायचात आणि मी नुसतं "या" म्हणायचो. सलाम म्हणायची माझी ही पहिलीच वेळ. उलट उत्तर देणारं माणूस समोर नसलं की जीभ जरा सैल सुटत असावी.

तुमचं झाड काल परत आलं. दर जानेवारीला येतं तसंच, पण यंदा आशिषने आणलं. टेम्पोत आडवं घालून, शेंड्याला तुमची जुनी शाल गुंडाळून. शेंडा सांभाळायला पोरगं तुमच्याकडूनच शिकलंय. जागेवर उभं केलं तर वरची हिरवी जाळी त्याच्या डोक्याला लागायला लागली. जाळी मी गेल्या वर्षीच वर घेतली होती, आता आणखी वर घ्यायला खांबच उरले नाहीत. आशिष म्हणाला, "काका, आईचा फ्लॅट भाड्याने द्यायचा विचार आहे. वाकडला आमच्या हॉलमध्ये हे उभंच राहत नाही. पुढच्या नाताळला ते न्यायला आता..." एवढं बोलून तो शेंड्याची शाल सोडायला लागला. मग म्हणाला, "तुम्ही सांगाल तसं."

मी काय सांगणार? या झाडावरून तुमचं माझं किती वर्षं वाजत होतं ते त्यालाही ठाऊक आहे. तुमचं म्हणणं, ते चर्चच्या मागच्या मोकळ्या जागेत, जमिनीत लावायचं. माझं म्हणणं, नाही. नाताळ तोंडावर असताना तुम्ही गेलात आणि वाद आहे तिथेच राहिला. पाळकसाहेब जागा द्यायला तयार आहेत. खड्डा खणायलाही मंडळीतली चार माणसं तयार आहेत. अडलंय ते माझ्यापाशी. बोला आता.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो डिसेंबर मला चांगला आठवतो. पिंपळे गुरवला मी नुकतीच ही नर्सरी टाकली होती. तळवड्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभं राहून अर्धं आयुष्य काढलं, मग मालकाने शटर ओढलं, आणि बार्शीकडच्या माणसाला मातीशिवाय दुसरं काय सुचणार? डिसेंबर आला की मी घाऊक बाजारातून कुंड्यांमधली ख्रिसमसची झाडं आणायचो. त्यांना खरं नाव वेगळं आहे, पण गिऱ्हाईक "ख्रिसमस ट्री" म्हणतं म्हणून आम्हीही तेच म्हणतो. फांद्यांचे हिरवेगार मजले एकावर एक आणि वर सरळ शेंडा. वाकडच्या टॉवरमधली मंडळी गाड्या लावून ती न्यायची. नाताळ त्यांचा सण नसला तरी पोरांचा हट्ट शाळेतून घरी यायचा आणि फोटोला मागे काहीतरी हिरवं लागायचं.

तुम्ही मात्र गिऱ्हाइकासारख्या आलाच नाहीत. चाकणच्या कंपनीत कँटीन सांभाळणाऱ्या बाई तुम्ही, रोज भाजीवाल्याला बोलता तशाच मला बोललात. कुंडी उचलून खालची भोकं बघितलीत. माती दोन बोटांत चुरगाळलीत. मग विचारलंत, "आणि नाताळ झाल्यावर याचं काय करायचं?"

मी म्हटलं, "काय करायचं म्हणजे? महिना दोन महिने टिकतं. सुकलं की टाकून द्यायचं. पुढच्या वर्षी नवीन घ्या."

"म्हणजे तुम्ही मला मरणारं झाड विकताय."

"सगळे तेच विकतात, बाई."

"सगळ्यांचं मी विचारलंच नाही," असं म्हणून तुम्ही झाड रिक्षात घातलंत आणि गेलात. घासाघीससुद्धा केली नाहीत. मला वाटलं, सुटलो.

जानेवारीत तीच रिक्षा पुन्हा फाटकाशी थांबली. मागच्या सीटवर तुम्ही, आणि तुमच्या मांडीवर, पायाशी, शेजारी नुसती झाडं. आशिषकडे वाकडला गेला होतात, तिथे सोसायटीच्या कचऱ्याच्या खोलीबाहेर ही ओळीने ठेवलेली दिसली. काहींच्या अंगावर चमकीच्या माळा तशाच होत्या. एकाच्या कुंडीत सिगारेटची थोटकं होती. तुम्ही एकेक करून ती माझ्या टेबलापुढे उतरवलीत आणि पदराने तोंड पुसत म्हणालात, "ही तुमची पोरं. सांभाळा."

"माझी कशी? मी विकली ती."

"पोरगी दिली म्हणजे आपली राहत नाही का?"

मी दोन मुलींचा बाप. उठलो आणि नळी आणली.

त्यांतली बरीचशी जगली नाहीत. मेलेल्यांचे बुंधे तुम्ही मला टाकू दिले नाहीत, मनीप्लांट चढवायला कुंड्यांत रोवायला लावलेत. फांद्या तोडून खताच्या ढिगावर घातल्या. जी जगली ती वर्षभर जाळीखाली राहिली, आणि पुढच्या डिसेंबरला तुम्ही नवीन खूळ काढलंत. झाडं विकायची नाहीत, नाताळपुरती द्यायची. जानेवारीत परत घ्यायची. माझा धंदा बसणार म्हणून मी आठवडाभर ओरडत होतो. बसला नाही तो भाग वेगळा. झाड परत करायला आलेलं माणूस जाताना एखादा मोगरा, एखादी कढीपत्त्याची पिशवी नेतंच. ते तुम्हाला आधीपासून माहीत होतं. मी ओरडून दमेपर्यंत तुम्ही शांतपणे चहा पीत बसला होतात, एवढंच.

जळगावच्या आजी आठवतात ना? आठवतात काय, तुमच्या लाडक्याच त्या. वाकडला लेकाकडे राहायच्या, चौदाव्या मजल्यावर. नाताळच्या आतच त्यांच्या सुनेचा फोन आला की झाड पिवळं पडलंय. माझ्या स्कूटरवरून आपण दोघं गेलो. बघतो तर झाड देवघराशेजारी. पुढे रांगोळी. कुंडीखालची ताटली पाण्याने काठोकाठ भरलेली. आजी रोज आंघोळ झाली की त्याला तांब्याभर पाणी घालायच्या, हळदकुंकू वाहायच्या, हॉलमधल्या हॉलमध्ये प्रदक्षिणा घालायच्या. संध्याकाळी पुन्हा तांब्या. त्या झाडाला पाणी कमी झालं तर चालतं, जास्त झालं की मुळं कुजतात. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आजी, ही काय तुळस आहे का?"

आजी शांतपणे म्हणाल्या, "नसू दे. घरात झाड आहे आणि त्याला पाणी न घालता मी जेवू कशी?"

मी पुढे बोलणार तर तुम्ही माझ्या शर्टाची बाही ओढलीत. आजींपाशी खाली बसलात आणि म्हणालात, "आजी, याचा उपास असतो. आठवड्यातून दोनदाच द्यायचं. मधल्या दिवशी नुसता नमस्कार करा." आजींना उपास म्हटल्यावर लगेच पटलं. खाली उतरल्यावर मला दटावलंत, "हे आमच्या पाळकसाहेबांना सांगायचं नाही हं." मी सांगितलं नाही. तुम्हीच पुढच्या रविवारी सांगितलंत आणि तेव्हाचे पाळकसाहेब पोट धरून हसले म्हणे.

ते झाड जगलं. जानेवारीत आजी सुनेबरोबर ते परत करायला आल्या तेव्हा कुंडीत खण, नारळ आणि मूठभर तांदूळ. "महिनाभर घरात राहिली. रिकामी कशी पाठवू?" तुम्ही नारळ हातात घेऊन उभ्याच राहिलात. डोळे भरून आले होते तुमचे, मी बघितलंय, कितीही नाही म्हणालात तरी. दुसऱ्या दिवशी लगेच हुकूम सुटला. "भाऊ, यापुढे सगळ्यांनी ओटी भरूनच झाड पाठवायचं. फक्त नारळ नको, खत द्या म्हणावं."

तेव्हापासून ही रीतच पडली. ज्याच्या घरी झाड जाईल त्याने महिनाभर भाजीची देठं, सालं, चहाचा गाळ एका जुन्या बादलीत सुक्या पाल्याबरोबर साठवायचा आणि झाडाबरोबर आणून द्यायचा. अर्धंकच्चंच असायचं ते, चिलटं उठायची. मी नाक मुरडत मागच्या ढिगात मुरवत ठेवायचो आणि पावसाळ्यानंतर तेच त्या कुंड्यांना घालायचो. सगळे त्याला ओटीच म्हणतात. गॅरेजवाले शेखचाचा रंगाच्या जुन्या डब्याला भोकं पाडून त्यातून आणतात आणि फाटकातूनच ओरडतात, "भानुदासभाऊ, ओटी लाया हूँ." तुम्ही केवढ्या हसायचात.

चर्चमध्ये तुम्ही काय काय केलंत ते मला उशिरा कळलं. तिथे पूर्वीपासून कुणाच्या तरी मळ्यातून सुरूच्या फांद्या तोडून आणायचे, त्यावर बर्फ म्हणून कापूस चिकटवायचे, आणि जानेवारीत सगळं आवारात पेटवून द्यायचे. तुम्ही पेटवापेटवी बंद केलीत. कापूस आणि चमकी उचकटायला संडेस्कूलची अख्खी पोरं बसवलीत. चमकी मातीत गेली की नातवंडांच्या काळापर्यंत निघत नाही, असं त्यांना सांगितलंत. जाड फांद्या माझ्याकडे आणून टाकल्यात, त्यांच्यावर मी घेवडा चढवला. बारीक काड्या टोमॅटोला आधार म्हणून गेल्या. पानांचा भुसा कुंड्यांवर पसरला की माती उन्हात लवकर सुकत नाही, हे मात्र मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही ते पुढे सगळीकडे स्वतःचं म्हणून सांगितलंत. तेवढं श्रेय माझं, ते आज इथे लिहून ठेवतो.

कंपनीच्या लॉबीतल्या प्लॅस्टिकच्या झाडावरूनही तुम्ही साहेबांशी भांडला होतात. त्यांना जुनं टाकून मोठं नवीन आणायचं होतं. मला वाटलं, तुम्ही म्हणाल प्लॅस्टिक हटवा, खरं झाड आणा. तुम्ही म्हणालात, "आता घेतलंय ना? मग मोडेस्तोवर वापरा. तार तुटली तर मी बांधून देते." आणि दिलीत बांधून. तुम्ही रिटायर झालात तरी ते झाड अजून लॉबीत उभं राहतं, असं आशिष सांगत होता.

एकदा मी विचारलं होतं, तुम्हाला हे सुचतं कुठून. तुम्ही म्हणालात, कँटीनमध्ये तुम्ही कधी वाढायच्या काउंटरला उभ्या राहायच्या नाहीत. ताटं ठेवतात तिथे उभ्या राहायच्यात. ताटात काय उरून येतंय ते बघितलं की उद्या काय रांधायचं ते कळतं. मी त्यावर पुष्कळ विचार केला. माझ्यासारखी माणसं नाताळकडे डिसेंबरच्या बाजूने बघत होती. तुम्ही जानेवारीच्या बाजूने बघत होतात.

आता मुद्द्यावर येतो. तुमचं झाड.

ते पहिलं, घासाघीस न करता नेलेलं. ते तुम्ही कधी दुसऱ्या कुणाच्या घरी जाऊ दिलं नाहीत. तुमच्या फ्लॅटमध्ये ऊन येत नाही म्हणून वर्षभर ते माझ्याकडे राहायचं आणि नाताळला तेवढं तुमच्याकडे यायचं. दोन माणसं लावून जिन्याने वर, मग जानेवारीत जिन्याने खाली. अधूनमधून तुम्ही त्याला बघायला म्हणून यायचात आणि त्याच्याकडे ढुंकून न बघता तासभर माझ्याशी बोलत बसायचात. मग ते वाढलं. दोन वर्षांपूर्वी शेंडा पंख्याला लागायला लागला, तेव्हा तुम्ही अख्खा नाताळ पंखा बंद ठेवलात. छाटायचं म्हटलं तर या झाडाचा शेंडा गेला की त्याचं रूप गेलं, पुन्हा तसं वर जात नाही.

त्याच्या कितीतरी आधीपासून तुमचं सुरू होतं, जमिनीत लावा. आणि माझं सुरू होतं, नाही. कुंडीत वाढलेलं झाड आहे, मुळं आतल्या आत गोल गोल फिरून बसलेली असतात, जमिनीत गेल्यावर ती बाहेर पसरत नाहीत, आणि वळवाच्या एका वादळात झाड कुणाच्या तरी डोक्यावर येतं. हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं. शिवाय ते चर्चपेक्षा उंच होईल.

"होऊ द्या की. उपदेश तरी वरपर्यंत जाईल."

"अहो बाई, ते इथलं झाड नाही. बेटावरचं आहे, समुद्राकडचं."

"मी तरी कुठं इथली? तुम्ही कुठं इथले? या पिंपळे गुरवात इथलं कोण आहे, नावं सांगा."

"माणसाचं वेगळं."

"का वेगळं?" आणि मग एकदाच, पंखा बंद ठेवलात त्या जानेवारीत, तुम्ही ते बोललात. शेवगावकडून आलात तेव्हा तुमची चाळिशी उलटली होती. नवरा गेलेला, आशिष शाळेत. सासरचे म्हणाले, ही बाई तिकडे शहरात टिकायची नाही, सहा महिन्यांत परत येईल. चाकणच्या बसमध्ये पहिल्या दिवशी तुम्हाला उलटी झाली. खिडकीतून डोकं काढून तोंड धुतलंत आणि तशाच कामावर गेलात. "भाऊ, माझी मुळं काय सरळ होती का? गोल फिरून फिरून गाठ झाली होती. जागा मिळाली, लागली."

मी नळी घेऊन गुलाबांकडे गेलो, त्यांना पाण्याची गरज नव्हती.

दर जानेवारीला हे असंच. तुम्ही झाडाबरोबर यायचात, डब्यात नाताळच्या करंज्या, चकल्या. माझी बायको मंगल चहा टाकायची आणि आपण तिथेच कुंड्यांच्या मधे बसून भांडायचो. मंगल म्हणायची, "तुमचं दोघांचं ऐकून ऐकूनच झाड वाढतंय." मला वर्षातला तो दिवस दिवाळीपेक्षा आवडायचा. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. सांगायचं कसं? सत्तरीकडे आलेला नर्सरीवाला आणि रिटायर झालेल्या कँटीनच्या बाई. काय म्हणून सांगायचं?

या डिसेंबरच्या सुरुवातीला झाडं पाठवायला तुम्ही आलात तेव्हा दम लागत होता. उलट्या कुंडीवर बसून बोटानेच सांगत होतात, हे आजींकडे, हे चाचांकडे. मी डॉक्टरचं विचारलं तर म्हणालात, "तुम्ही झाडांचे डॉक्टर, माणसांमध्ये पडू नका." जाताना तुमच्या झाडाच्या खोडावर हात ठेवलात आणि म्हणालात, "या जानेवारीत मी तुमचं ऐकणार नाही." मी म्हटलं, "बघू जानेवारीत." तुम्ही हसलात. मीही हसलो. निरोप म्हणून बघितला तर चांगलाच झाला तो.

आठ-दहा दिवसांनी आशिषचा फोन आला. झोपेतच गेलात म्हणाला.

दफनविधीला मी आणि मंगल मागे उभे होतो. कधी उभं राहायचं, कधी बसायचं ते आम्हाला कळत नव्हतं, पुढच्यांकडे बघून करत होतो. गाणी मात्र मराठीच होती, भजनासारखी, तेवढं बरं वाटलं. मूठमाती द्यायला पुढे गेलो. माती हातात घेतली आणि माझ्या बोटांनी सवयीने ती चुरगाळली. चांगली होती. काळी, भुसभुशीत, खाली थोडा मुरूम, पाण्याचा निचरा होणारी. अशा वेळी मी हे काय बघतोय, असं वाटून कानकोंडा झालो. मग वाटलं, तुम्ही माझ्या जागी असतात तर हेच बघितलं असतंत. तेव्हा मला रडू फुटलं, त्याच्या आधी नाही.

तुमच्या घरी झाड सजवून उभं होतं, वर तारा, दिवे लुकलुकत होते. आलेल्या माणसांना वाटायचं, दिवे बंद करावेत. तुमच्या सुनेने करू दिले नाहीत. नाताळच्या दिवशी मंगलने करंज्या केल्या आणि आम्ही त्यांच्याकडे घेऊन गेलो, या वर्षी त्यांच्या घरात करायला कुणाचे हात चालणार होते? तुमच्यासारख्या खुसखुशीत झाल्या नव्हत्या. मी तसं बोललो नाही, तुमच्या सहवासात एवढं तरी शिकलो.

आणि बाई, झाडं परत आली. मला धास्ती होती. फोन करणाऱ्या तुम्ही, कुणाकडे कोणतं गेलंय ते सगळं तुमच्या डोक्यात. पण नवीन वर्ष लागलं आणि एकेक करून माणसं यायला लागली, झाड घेऊन, बादली घेऊन. काहींना माहीतच नव्हतं. "बाई नाही आल्या?" असं विचारायचे आणि मग मला सांगावं लागायचं. दर झाडामागे एकदा सांगितलं. जळगावच्या आजी आता काठी घेऊन चालतात. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला आणि तुम्ही बसायचात त्याच उलट्या कुंडीवर बसून राहिल्या. शेखचाचा या वेळी फाटकातून ओरडले नाहीत. डबा ठेवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

म्हणजे सगळी झाडं मार्गी लागली. राहिलं एकच.

इथवर शनिवारी लिहिलं आणि अडकलो. पुढे काय लिहावं सुचेना म्हणून वही मंगलपुढे टाकली. तिने चष्मा लावून सगळं वाचलं. मग म्हणाली, "वादळात पडेल, मुळं फिरलीत, हे सगळं ठीक आहे. पण तुम्हीच मागच्या साली सांगवीच्या शाळेत कुंडीतलं एवढं मोठं बकुळीचं झाड लावून आलात की. मुळं कापून, तीन बाजूंनी बांबू बांधून. ते उभं आहे ना?"

"आहे."

"मग बाईंच्याच झाडाचं काय वाकडं होतं?"

मी म्हटलं, ते परदेशी.

"काही परदेशी नाही. ते जमिनीत गेलं असतं तर बाई जानेवारीत कशाला आल्या असत्या? म्हणून तुम्ही नाही नाही करत होतात." आणि वही परत देऊन ती भाजी निवडायला गेली. रागाने नाही बोलली. मेथी महाग झाली म्हणावं, त्याच सुरात बोलली.

रूथबाई, तुम्हाला हे माहीत होतं का? मला वाटतं, माहीत होतं. नाहीतर तुमच्यासारखी बाई, जिने कंपनीच्या साहेबांना वाकवलं, ती एका नर्सरीवाल्याच्या "नाही"पुढे इतकी वर्षं थांबली असती? पाळकसाहेबांना सांगून तुम्ही ते कधीही लावू शकला असतात. झाड तुमचं, जागा तुमची. तरी दर वर्षी तुम्ही मलाच विचारायला आलात आणि मी दर वर्षी नाही म्हटलं. त्या "नाही"साठी तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर.

आज सोमवार. पुढचं सांगतो.

काल रविवारी सकाळी कुंडी आडवी करून मी झाड बाहेर काढलं. खरं सांगायचं तर आधी मला बघायचं होतं की बरोबर कोण. मीच बरोबर निघालो. मुळं बोटाएवढी जाड होऊन कुंडीच्या आकारात गोल फिरली होती, सुंभाच्या वेटोळ्यासारखी. मी मान वर केली, तुम्हाला दाखवायला. एवढ्या वर्षांच्या वादात पहिल्यांदा पुरावा हातात होता आणि बघायला मंगलशिवाय कोणी नव्हतं. ती म्हणाली, "बघत काय बसलाय? कापा."

चारी बाजूंनी वरपासून खालपर्यंत चिरा दिल्या. एकदा मुळं कापली की झाड पुन्हा त्या कुंडीत जात नाही. गोणपाटात बांधलं, टेम्पोत घातलं.

चर्च सुटलं तेव्हा आम्ही पोहोचलो. शनिवारी संध्याकाळीच मी फोन केला होता म्हणून खड्डा तयार होता, वरून विजेच्या तारा जात नाहीत हे बघून पाळकसाहेबांनी जागा धरलेली. आशिषने खोड सरळ धरलं, मी माती ओढली, भोवती तीन बांबू रोवून सुतळीने सैल बांधलं, दोन पावसाळे तरी राहू देत. या वर्षी जमलेल्या ओट्यांचा ढीग अजून कच्चा होता, म्हणून मागच्या सालचं मुरलेलं खत घातलं. कुणी भाषण केलं नाही. तुमच्या सुनेने पाणी घातलं. भिंतीपलीकडे रस्त्यावरून दुसऱ्या पाळीच्या कंपनीच्या बसेस जात होत्या, रविवार असला तरी.

सगळे पांगले. मी टेम्पोत रिकामी कुंडी ठेवत होतो तेव्हा पाळकसाहेबांच्या बाई चहा घेऊन आल्या. नवीनच आहेत त्या इथे, गेल्या वर्षी बदलून आलेल्या. दर जानेवारीला झाडं नर्सरीत परत जातात एवढंच त्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं, "मग भाऊ, हे परत कधी न्यायचं?"

मी म्हटलं, "नाही न्यायचं, बाई. हे आता इथलंच."

चहा संपवला, कप दिला, टेम्पोत जाऊन बसलो. आणि बराच वेळ मला किल्ली फिरवता आली नाही.